पुलावरचा रियाज

(सदर : उंबरठ्यावरून)



गेल्या दिवाळीत याच सदरात मी कढीपत्त्याचं रोप न्यू जर्सीच्या थंडीत जगवण्याची गोष्ट लिहिली होती. त्यानंतर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी फोन करून आपापल्या कढीपत्त्याची खुशाली कळवली. दोघींनी तर फोटोही पाठवले. तेव्हा आधी सांगून टाकते, आमचं रोप अजून आहे. पण या वर्षी घरात त्या रोपापेक्षा जास्त जागा आणि कितीतरी जास्त कान एका नव्या पाहुण्याने व्यापले. तो पाहुणा म्हणजे सॅक्सोफोन.

त्याचं झालं असं की लेक पाचवीत गेली आणि शाळेच्या बँडमध्ये वाद्य निवडायची वेळ आली. मी मनात बासरी धरून बसले होते. हलकी, लहान, दप्तरात मावणारी आणि आपल्या कानांना ओळखीची. लेक घरी आली ती ऑल्टो सॅक्सोफोनचं नाव घेऊनच. "अगं, पण तो वरातीत वाजवतात ना?" असं तिचा बाबा म्हणाला आणि दिवसभर तिची बोलणी खात राहिला. खरं सांगायचं तर माझीही मजल त्यापुढे नव्हती. सॅक्सोफोन म्हणजे लग्नातला बँड, नाहीतर जुन्या हिंदी गाण्यांतले मनोहारी सिंग. दरमहा भाड्याने एक वाद्य घरात आलं, त्याच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी, म्हणजे रीड, बसवायला ती शिकली, आणि पहिल्या संध्याकाळी जो आवाज निघाला त्याने सासूबाई व्हिडिओ कॉलवर दचकल्या. "कुणाची म्हैस हरवलीय का गं?" नाशिकहून विचारणा झाली.

तुम्हाला इथल्या अपार्टमेंटच्या भिंती ठाऊकच आहेत. शेजारच्या घरात फोडणी पडली की आपल्याला शिंक येते. तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची मुलगी वर आली. कडेवर दीड महिन्याचं बाळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बिचारी तक्रार करायला आली होती, पण स्वतःच चार वेळा सॉरी म्हणाली. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून सराव तळघरातल्या लाँड्री रूममध्ये सुरू झाला. ड्रायर घरघरतोय, मी कपड्यांच्या घड्या घालतेय आणि लेक सा रे ग म च्या इंग्रजी भावंडांशी झटापट करतेय, असं ते दृश्य.

हे तिने शाळेत बँडच्या सरांना सांगितलं, तर सर हसून म्हणाले, "मग तू फार मोठ्या माणसाच्या पंगतीत बसलीस. सनी रोलिन्स कोण ते घरी जाऊन शोध."

शोधलं. आणि त्या रात्री लेक झोपल्यावरही मी शोधतच राहिले. या वर्षीचं सदर त्या माणसाबद्दल आहे, आणि त्याच्या एका अल्बमबद्दल. मला जॅझमधलं काही कळतं असा माझा अजिबात दावा नाही. मी एमए मराठी. पण काही गोष्टी आपल्याला ज्या वेळी भेटायच्या त्याच वेळी भेटतात.

सनी रोलिन्स यांचा जन्म १९३० चा, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला. आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले, म्हणजे आपल्यासारखंच मूळ दुसरीकडचं घर. रोलिन्स वाजवत ते टेनर सॅक्सोफोन. लेकीच्या ऑल्टोपेक्षा मोठा, खर्जाकडे झुकलेला, भरदार. तरुणपणी ते हेरॉइनच्या विळख्यात सापडले, तुरुंगात गेले. १९५५ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी उपचारकेंद्रात स्वतःहून दाखल झाले आणि व्यसन सोडून बाहेर आले. त्यानंतर शिकागोत साफसफाईची कामं करत राहिले आणि तिथूनच पुन्हा वाजवायला उभे राहिले. १९५६ च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला त्यांनी 'सॅक्सोफोन कोलोसस' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. हो, आपलं हॅकेनसॅक. आपण जिथून कितीदा गाडीने पुढे गेलो आहोत. त्यातलं 'सेंट थॉमस' हे पहिलं गाणं आईकडून लहानपणी ऐकलेल्या बेटांवरच्या चालीवर बेतलेलं आहे. पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांचे डझनावर अल्बम निघाले. समीक्षक डोक्यावर घेऊन नाचत होते.

आणि १९५९ च्या उन्हाळ्यात या माणसाने वाजवणं थांबवलं. वय तिशीच्या आतलं. आजार नव्हता, भांडण नव्हतं, कामाची टंचाई नव्हती. लोक आपलं जेवढं नाव घेतात तेवढं आपलं वाजवणं पक्कं नाही, असं त्यांना वाटत होतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला आपण कमी देतो आहोत, ही टोचणी. म्हणून जाहीर कार्यक्रम बंद, ध्वनिमुद्रण बंद.

वाजवणं मात्र बंद नव्हतं. ते तेव्हा मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, ग्रँड स्ट्रीटवर राहत. शेजारच्या घरात बाळंतपण जवळ आलेलं. टेनर सॅक्सोफोनचा आवाज भिंतीतून जाणार, आणि त्या बाईला त्रास होणार. हे वाचलं तेव्हा मी उठून लाँड्रीच्या बास्केटकडे बघितलं! रोलिन्स यांनी काय केलं, तर एक दिवस चालता चालता ते विल्यम्सबर्ग पुलाच्या पायऱ्या चढून वर गेले. ईस्ट नदीवरचा हा पूल १९०३ चा, मॅनहॅटनला ब्रुकलिनशी जोडणारा. त्यावरून गाड्या जातात, सबवे जाते, खालून बोटी जातात. तिथे माणूस कितीही जोरात वाजवू दे, कुणाच्या झोपेचं खोबरं होत नाही. मग तीच त्यांची खोली झाली. उन्हाळा, पाऊस, हाडं गोठवणारी थंडी, दिवसा आणि रात्री. कधी कधी १५-१५, १६-१६ तास. बोटीने भोंगा दिला की ते सॅक्सोफोनवरून तिला उत्तर द्यायचे, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे.

आपल्याकडे घराण्यांच्या गोष्टींत चिल्ला येतो. चाळीस दिवस जगाशी संबंध तोडून केलेला रियाज. हा चिल्ला दोन वर्षांहून जास्त चालला. १९६१ च्या उन्हाळ्यात एका संगीत मासिकात पुलावर वाजवणाऱ्या सॅक्सोफोनवाल्याची हकिगत छापून आली. नाव बदललेलं होतं, पण जाणकारांनी ओळखायचं ते ओळखलं. त्याच नोव्हेंबरमध्ये ते न्यूयॉर्कच्या 'जॅझ गॅलरी' या क्लबात पुन्हा लोकांसमोर उभे राहिले, आणि १९६२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांनी नवा अल्बम ध्वनिमुद्रित केला. नाव अर्थातच 'द ब्रिज'.

आता हे सगळं मला रात्री एक वाजेपर्यंत का जागवत होतं, ते सांगायला हवं.

मी लग्नाआधी आणि नंतरही, मिळून सहा वर्षं नाशिकच्या एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवत होते. लेक दोन वर्षांची असताना आम्ही इकडे आलो. एच-फोर व्हिसा म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना मी समजावून सांगायला नको. नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा ठरावीक टप्पा पार पडल्यावर मला काम करायची परवानगी मिळाली, पण तोवर लेक बालवाडीत आणि मी घरात मुरलेली. मग करोना. मग आणखी काहीतरी. अशी आठ वर्षं गेली. गेल्या नोव्हेंबरात मी धीर करून एका शाळेत मदतनीसाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. समोरच्या बाई सौम्य होत्या. त्यांनी माझा कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मधली आठ वर्षं काय केलंत?"

मी म्हटलं, "काही नाही. घरीच होते."

घरी येताना गाडीत मला माझाच इतका राग आला की दोन एक्झिट पुढे गेल्यावर लक्षात आलं, आपलं वळण मागे राहिलं. काही नाही? मुलीला वाढवलं, करोनात नवऱ्याचं ऑफिस आणि लेकीची शाळा एकाच डायनिंग टेबलवर चालवली, सासऱ्यांचं आजारपण सात समुद्रापलीकडून निभावलं, ते काही नाही? पण राग ओसरल्यावर खालून जे निघालं ते जास्त बोचरं होतं. शिकवण्याच्या बाबतीत मी खरंच काही केलं नव्हतं. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेसाठी मला तीनदा विचारलं गेलं, आणि तिन्ही वेळा मी "आता सवय राहिली नाही हो" म्हणून टाळलं. नोकरी करायला व्हिसाने बंदी होती. रोज दोन ओळी वाचायला, एक धडा मनाशी रचायला कुणी बंदी केली नव्हती. पण एकदा हातातून सुटलं की त्याच्याकडे बघायचीच भीती वाटू लागते. हे घरी बसलेल्या माझ्या अनेक मैत्रिणींना कळेल. कुणी इंजिनियर आहे, कुणी दाताची डॉक्टर, कुणी कथ्थक शिकलेली. तिचे घुंगरू कपाटात वरच्या कप्प्यात आहेत.

त्या मुलाखतीनंतर दोनच दिवसांनी बँडच्या सरांचा निरोप घरी आला होता.

म्हणून मी तो अल्बम अगदी परीक्षेला बसल्यासारखी ऐकला. एवढं करून हा माणूस घेऊन काय आला, हे मला बघायचं होतं.

ज्यांना जॅझची ओळख नाही (मीही त्यातलीच) त्यांच्यासाठी थोडंसं. जॅझमध्ये बरेचदा एखादं जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं गाणं घेतात. सुरुवातीला त्याची मूळ चाल वाजवतात, आपल्या मुखड्यासारखी. मग त्याच गाण्याच्या स्वरांच्या चौकटीवर वादक आवर्तनामागून आवर्तन स्वतःचं काही रचत जातो, आणि शेवटी पुन्हा मुखड्यावर येतो. बंदिश तीच, पण भीमसेन जोशींनी गायली की वेगळी आणि दुसऱ्या कुणी गायली की वेगळी, तसं. 'द ब्रिज'मध्ये सहा रचना आहेत. त्यातली चार अशी जुनी गाणी, दोन रोलिन्स यांच्या स्वतःच्या. सोबत जिम हॉल यांची गिटार, बॉब क्रॅन्शॉ यांचा बास आणि ड्रमवर बहुतेक ठिकाणी बेन रायली. पियानो नाही. पियानो आपल्या पेटीसारखा सतत मागे स्वर धरून असतो. तो काढला की वादकाला आधार कमी आणि मोकळीक जास्त. जिम हॉल यांची गिटार अगदी कमी बोलते. दोघं एकमेकांचं ऐकून घेत वाजवतात, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही समजतं.

पहिलंच गाणं १९२९ चं, 'विदाउट अ साँग'. रमतगमत, चालण्याच्या लयीतलं. कुठे घाई नाही. दोन वर्षं गप्प राहिलेला माणूस, सगळ्या शहराचे कान त्याच्याकडे, आणि तो अशी सुरुवात करतो, जणू कालच भेटलो होतो. पुढे बिली हॉलिडे यांचं 'गॉड ब्लेस द चाइल्ड' येतं, अगदी संथ. पूल ज्यात खरोखर दिसतो ती शीर्षक रचना मात्र भरधाव आहे. सॅक्सोफोन आणि गिटार एकत्र धावत सुटतात, लय मध्येच बदलते, थबकते, पुन्हा सुटते. लेकीला विचारलं तर म्हणाली, "आई, हे ट्रेन गेल्यासारखं आहे." पुलावर वर्ष-दोन वर्षं ट्रेनच्या शेजारी वाजवल्यावर ट्रेन बोटांत उतरणारच.

पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. हा अल्बम आला तेव्हा अनेकांची निराशा झाली होती. कारण ते दोन वर्षांत बरंच पुढे गेले होते. रोलिन्स पुलावर असतानाच, १९५९ च्या नोव्हेंबरात, ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात आले आणि त्यांनी गाण्याची चौकटच मोडीत काढली. जॉन कोल्ट्रेन, म्हणजे रोलिन्स यांचे मित्र आणि लोकांच्या लेखी प्रतिस्पर्धी, 'जायंट स्टेप्स' आणि 'माय फेव्हरिट थिंग्ज' घेऊन भलत्याच उंचीवर पोचले होते. एवढा चिल्ला करून रोलिन्स परत येतील ते काहीतरी अजब, कधी न ऐकलेलं घेऊन, अशी अपेक्षा होती. आणि ते आले ती जुनी गाणी घेऊन, जुन्याच पद्धतीने. मग पुलावर जाऊन केलं काय, असं विचारलं गेलं. मला तो प्रश्न ओळखीचा वाटला. मधली वर्षं काय केलंत?

उत्तर त्या अल्बममध्येच आहे, फक्त ते ओरडून सांगत नाही. नवीन भाषा शोधायला ते गेलेच नव्हते. आपल्याच भाषेत आपण कुठे अडखळतो ते त्यांना नीट करायचं होतं. श्वास, स्वराचा भरदारपणा, गाण्याच्या चौकटीत न चुकता हवं तिथे जाऊन परत येणं. हे लांबून दिसत नाही. ज्याचं त्याला कळतं. २०१५ मध्ये हा अल्बम ग्रॅमीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेला, म्हणजे पुढे लोकांनाही कळलं. पण त्याला ५३ वर्षं लागली.

आता या गोष्टीतली एक बाजू, जी मला पुरुषांनी लिहिलेल्या लेखांत एखाद्या वाक्यात उरकलेली दिसली. रोलिन्स पुलावर होते तेव्हा घर कसं चालत होतं? ल्युसिल पिअर्सन नोकरी करत होत्या. सेक्रेटरीच्या पगारावर त्या दोघांचा संसार चालला होता. त्यांचं लग्न पुढे १९६५ मध्ये झालं. पुढे त्यांनीच रोलिन्स यांच्या कार्यक्रमांचे करार, पैसे, ध्वनिमुद्रणं, सगळं सांभाळलं, २००४ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत. हे वाचताना मला देवास आठवलं. कुमार गंधर्वांना क्षय झाला, पाचेक वर्षं गाणं बंद होतं, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातली लोकगीतं ऐकत होते, हे आपण सगळे कौतुकाने सांगतो. त्या वर्षांत भानुमतीबाई देवासच्या शाळेत नोकरी करत होत्या आणि त्यांची शुश्रूषाही करत होत्या, हे तितक्या मोठ्याने सांगत नाही. एकाला गप्प बसून स्वतःकडे बघायला वेळ मिळतो, तेव्हा वाण्याचं बिल दुसरं कुणीतरी भरत असतं.

आमच्या घरात हे उलटं आहे. बिलं नवरा भरतो. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर पुलावर जायची सोय मला होती. हे मी त्याला एका रविवारी चहा पिताना सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सोय होती गं, पण तुला वेळ कुठे होता? तू ल्युसिलही होतीस ना." आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, इतकं बरोबर तो क्वचित बोलतो, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

तेव्हा रोलिन्स यांची विश्रांती आणि माझी विश्रांती एक नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांनी ती निवडली, माझ्या वाट्याला आली. ते रोज वाजवत होते, मी थांबले होते. पण त्यातूनच मला काय करायचं ते दिसलं. त्या माणसाने परत येण्याची तारीख आधी ठरवली नव्हती. आधी जागा शोधली होती, जिथे चुकलं तरी चालतं.

जानेवारीत मी मंडळाच्या मराठी शाळेत फोन केला. चौथ्यांदा विचारायची वेळ मी त्यांच्यावर आणली नाही. मला सहा ते आठ वयाची अकरा मुलं मिळाली. दहावीला व्याकरण शिकवलेली मी, पहिल्याच रविवारी 'ळ' आणि 'ल' मध्ये तोंडावर आपटले. एका चिमुरडीने "काकू, तुम्ही खूप भरभर बोलता" असं सुनावलं. एक मुलगा पूर्ण वेळ टेबलाखाली बसला. मी घरी येऊन रडले नाही, एवढंच. पण दुसऱ्या रविवारी मी चित्रं नेली, तिसऱ्या रविवारी घरातून कढईपासून पळीपर्यंत भांडी नेली, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस टेबलाखालचा मुलगा "झारा!" असं ओरडून बाहेर आला. आपली मुलं 'झारा' म्हटलं की कपड्यांचं दुकान समजतात, तो झाऱ्याला झारा म्हणाला! लाँड्री रूममध्ये मी आता घड्या घालता घालता पुढच्या रविवारचा धडा मोठ्याने म्हणून बघू लागले. एका कोपऱ्यात लेक, एका कोपऱ्यात मी. ड्रायर दोघींचा तबलजी.

मे महिन्यात आम्ही दोघी त्या पुलावर गेलो. पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथून जे ट्रेनने डिलान्सी-एसेक्स, आणि मग चालत. लेकीने हट्टाने सॅक्सोफोन पाठीवर घेतला होता. रोलिन्स राहत त्या भागात आता 'द रोलिन्स' नावाची उंच इमारत उभी आहे. त्यांचं जुनं घर पाडलं गेलं. पुलावर चढायचा रस्ता लांब, चढाचा, दोन्ही बाजूंना लालसर गुलाबी कठडे. शेजारून सायकली सुसाट. मधूनच ट्रेन आली की पायाखालचं सगळं थरथरतं आणि आपला आवाज आपल्यालाही ऐकू येत नाही. खाली पाणी, एक मालवाहू बोट. वारा इतका की माझी ओढणी दोनदा उडाली.

पुलाच्या मध्यावर तिने वाद्य बाहेर काढलं. मला लाज वाटत होती, तिला नाही. तिने शाळेतला एक धडा वाजवला, चुकली, पुन्हा वाजवला. कुणीही थांबलं नाही. एक जोडपं हसून पुढे गेलं. तेवढ्यात ट्रेन आली आणि ती त्या गदारोळात अंगातला सगळा श्वास लावून वाजवत राहिली. ट्रेन गेल्यावर लाल झालेल्या तोंडाने म्हणाली, "आई, इथे चुकलं तरी कुणाला कळत नाही! म्हणून जोरात वाजवता येतं."

मी काही बोलले नाही. शिक्षकाने कधी गप्प बसायचं, हे एक कौशल्य मला अजून येतं.

घरी येताना तिला रोलिन्स यांची पुढची गोष्ट सांगितली. १९६९ च्या सुमाराला त्यांनी पुन्हा एकदा काही काळ वाजवणं थांबवलं आणि १९७२ मध्ये परत येऊन जो अल्बम काढला त्याचं नाव ठेवलं 'नेक्स्ट अल्बम'. पुढचा अल्बम, बस! त्याच साठच्या दशकाच्या अखेरीला ते भारतात गेले होते, आणि काही महिने राहिले कुठे, तर मुंबईत पवईच्या एका आश्रमात. पवईत माझी मावशी राहते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तेव्हा पवईत झाडंच होती नुसती. वाजवायला बरं." ध्यानाला बसणं त्यांना जमेना, तेव्हा तुमचं वाजवणं हेच तुमचं ध्यान असं तिथे त्यांना सांगितलं गेलं, ही आठवण रोलिन्स यांनी मुलाखतींत सांगितली आहे. पुढे चाळीस वर्षं ते वाजवत राहिले. ११ सप्टेंबर २००१ ला ते वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून हाकेच्या अंतरावर राहत होते. घर सोडावं लागलं तेव्हा सॅक्सोफोन घेऊन बाहेर पडले, आणि ल्युसिल यांच्या आग्रहावरून चारच दिवसांनी बोस्टनला ठरलेला कार्यक्रम केला. तो अल्बम म्हणून निघाला त्याचं नाव पुन्हा तेच जुनं गाणं, 'विदाउट अ साँग'. २०१२ नंतर मात्र जाहीर कार्यक्रम थांबले. फुफ्फुसांच्या आजाराने श्वासच साथ देईना. या वेळी परत येणं नव्हतं. पुलावरून उतरल्यावर मिळालेली पन्नास वर्षं मात्र त्यांनी पुरेपूर वाजवली होती.

आता माझं. नाशिकच्या पदव्यांचं इथल्या पद्धतीने मूल्यमापन करून घेतलं, कागदपत्रं दिली, बोटांचे ठसे दिले, आणि या सप्टेंबरपासून मी बदली शिक्षिका म्हणून जाऊ लागले आहे. मुलाखतीत तो प्रश्न याही वेळी आलाच. या वेळी मी म्हटलं, "मुलगी वाढवली. आणि या वर्षी अकरा मुलांना वाचायला शिकवलं. त्याआधी काही वर्षं शिकवणं पूर्ण थांबलं होतं." खरं होतं ते सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि वेळापत्रक दाखवलं.

बदली शिक्षिका म्हणजे काही मोठं नाही. सकाळी साडेपाचला फोन वाजतो, कधी वाजत नाही. कधी गणित, कधी चित्रकला, कधी नुसतं मुलांना जेवणाच्या हॉलपर्यंत नेणं-आणणं. पहिल्या दिवशी मला सातवीचा वर्ग मिळाला. फळ्यावर खडू नाही, मार्कर. नाव लिहिताना हात थरथरत होता, पण लिहिता लिहिता वर्गाकडे नजर ठेवायची सवय मेली नव्हती. मागच्या बाकावरचा कागदी बाण मी उडायच्या आधीच मागून घेतला. वर्ग हसला. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलाने प्रामाणिकपणे विचारलं, "तुम्ही खऱ्या टीचर आहात का?"

"हो," मी म्हटलं, आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

खालचं बाळ आता चालायला लागलंय. लेक 'सेंट थॉमस'ची सुरुवात बसवते आहे, अर्धी जमली आहे. कढीपत्ता आत आणला आहे. तुमच्याही घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात काही असेल तर दिवाळीची साफसफाई करताना ते खाली काढा, पुसा, आणि कुणाची झोप मोडणार नाही अशी एखादी जागा शोधा. आमची लाँड्री रूम मंगळवारी संध्याकाळी मोकळी असते.

तुम्हा सगळ्यांना आणि भारतातून हा अंक वाचणाऱ्या आजीआजोबांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!